‘चार दिवस मी सर्दीच समजत राहिले’

अहिल्यानगर जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून आणि थोडं आटोपशीर करून देते आहे.

‘डॉक्टरताई, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. त्याला ब्लड कॅन्सर झाला, एएमएल. जानेवारीत पुण्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. पूर्ण जुळणारं कुणी सापडलं नाही, म्हणून माझा अर्धा जुळणारा मॅरो दिला. मार्चमध्ये अंगावर चट्टे उठले, जुलाब लागले. जीव्हीएचडी आहे, म्हणजे दिलेला मॅरो त्याच्याच अंगावर उठलाय, म्हणाले आणि स्टेरॉइड सुरू केलं. मे महिन्यात त्याला घरी आणलं. तेव्हा आमच्या रानात पाझर तलावातला गाळ पसरायचं काम चाललं होतं. तो बांधावर खुर्ची टाकून बघत बसायचा. मग एका बाजूचं नाक चोंदलं, उजवा गाल जड वाटायला लागला. ताप नव्हता. चार दिवस मी सर्दीच समजत राहिले, वाफ देत राहिले. पाचव्या दिवशी नाकातून काळपट खपली पडली, तशी रातोरात गाडी करून पुण्याला नेलं. सायनसमध्ये बुरशी निघाली, ऑपरेशन झालं. डोळ्यात आणि मेंदूत नाही असं एमआरआयवरून सांगितलं. नऊ दिवस ते महागडं इंजेक्शन दिलं. आता म्हणतात, ही बुरशी वेगळी आहे, सेडोस्पोरियम नावाची, तिच्यावर ते इंजेक्शन चालत नाही, औषध बदलतो. बुरशीची गोळी तर ट्रान्सप्लांटपासून रोज चालू होती, मग बुरशी झालीच कशी? आता पुन्हा एकदा नाक साफ करायचं म्हणतात. आई म्हणते, माझ्या पोराला किती कोराल? काका म्हणतात हॉस्पिटल बदला. शेजारी म्हणतात काळी बुरशी आहे, लेकराला त्याच्याजवळ नेऊ नको. आणि मला रात्री झोप नाही. माझाच मॅरो त्याच्या अंगावर उठला आणि उशीरही मीच केला. मी काय करू?’

ताई,

सगळ्यात आधी पुन्हा नाक साफ करण्याचं सांगते, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही. होकार द्या. हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत तो दिलेला असावा अशी माझी इच्छा आहे, म्हणून तुम्ही दिलेल्या नंबरवर तेवढा निरोप आधीच धाडला आहे. बाकीचं सावकाश वाचा.

आईंना ‘कोरणं’ वाटतंय ते मला समजतं. पोटच्या पोराच्या नाकातून दर चार दिवसांनी काहीतरी काढून नेताहेत, पट्ट्या भरताहेत, हे बघणं सोपं नाही. पण आत काय चालतं ते सांगते. निरोगी नाकाचं अस्तर ओलसर गुलाबी असतं. दुर्बीण आत घालून उपकरणाचं टोक नुसतं टेकवलं तरी माणूस दचकतो, डोळ्यांतून पाणी येतं, जरा जोर झाला की रक्त येतं. बुरशी शिरलेलं अस्तर आधी फिकट पडतं, बिनपाण्याच्या पानासारखं. तिथं टोचलं तरी पेशंटला कळत नाही. कापलं तरी रक्त येत नाही. या बुरशीचे धागे रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवतात. रक्त बंद झालं की तो भाग मरतो, आणि मेला की काही दिवसांनी काळा पडतो. लोक ‘काळी बुरशी’ म्हणतात, पण तो काळा रंग मेलेल्या मासाचा असतो.

आता विचार करा, शिरेतून दिलेलं औषध रक्तातूनच पोचणार. जिथं रक्तच जात नाही, तिथं ते कसं पोचेल? मेलेला भाग तिथंच राहिला, तर त्याच्या आडोशाला बुरशी जगते आणि पुढच्या जिवंत भागात सरकते. म्हणून सर्जन काढत जातो, आणि कापलेल्या कडेला लाल, ताजं रक्त आलं की थांबतो. आमच्याकडं थांबायची खूण तीच. बाहेर बसलेल्या आईला रक्त बघून धडकी भरते, आत उभ्या असलेल्या आम्हाला ते बघून हायसं वाटतं. पहिल्या दिवशी जिवंत दिसलेली कड चार दिवसांनी मेलेली निघू शकते, म्हणून पुन्हा बघावं लागतं. दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त. पहिलं ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. सर्जनना विनंती करा की दुर्बिणीचं चित्रण आईंना पडद्यावर दाखवा. मी हे बऱ्याच घरांत केलं आहे. गुलाबी भाग आणि फिकट भाग शेजारी शेजारी बघितला की समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला ताजं आणि नासलेलं ओळखायला शिकवावं लागत नाही.

आता औषधाचं. काकांचा राग इथं आहे, आणि तुमच्या पत्रातही तो ओळीओळींतून जाणवला. ‘नऊ दिवस चुकीचं औषध दिलं’, असंच तुम्हाला वाटतंय ना?

हे कसं घडतं ते क्रमाने सांगते. नाकातून काढलेला तुकडा त्याच दिवशी प्रयोगशाळेत जातो. एका काचपट्टीवर ठेवून त्यावर द्रावणाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तासाभरात एवढं कळतं की बुरशी आहे. धागे रुंद, फितीसारखे, आत आडव्या भिंती जवळपास नसलेले दिसले तर म्युकर कुळातली, म्हणजे कोविडच्या काळात ‘काळी बुरशी’ म्हणून गाजली ती. बारीक, आडव्या भिंतींचे, फांद्या फुटलेले दिसले तर बहुधा अ‍ॅस्परजिलस. पण फ्युजेरियम आणि तुमच्या भावाला झालेलं सेडोस्पोरियम हेही काचेवर हुबेहूब अ‍ॅस्परजिलससारखेच दिसतात. शिवाय तुकड्यातले धागे मोडलेले, वळलेले असतात. तीस वर्षं काच बघणारी माझी एक मैत्रीण आहे, तीसुद्धा अशा वेळी ‘बुरशी आहे’ एवढंच लिहून सही करते आणि बाकीचं कल्चरवर सोडते. कल्चर म्हणजे तो तुकडा पोषक थरावर ठेवून बुरशी वाढवणं. तिला उगवायला दिवस लागतात, कुणी घाई केली म्हणून ती लवकर उगवत नाही. सेडोस्पोरियम आधी पांढऱ्या कापसासारखं वाढतं, मग हळूहळू उंदराच्या पाठीसारखा करडा रंग धरतं. तो रंग आला, बीजाणू दिसले, की मग नाव सांगता येतं.

तोपर्यंत पेशंटला काय द्यायचं? औषध न देता नाव कळायची वाट बघणं शक्यच नाही. इथं डॉक्टरांसमोर एक पेच असतो. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, म्हणजे तुमचं ते महागडं इंजेक्शन, म्युकरवर चालतं आणि बहुतेक अ‍ॅस्परजिलसवरही चालतं. व्होरिकोनाझोल अ‍ॅस्परजिलसवर उत्तम, पण म्युकरवर त्याचा काहीही उपयोग नाही. आणि म्युकर सगळ्यांत वेगाने पसरतो, सकाळी नाकात असलेला दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या खोबणीत पोचतो. म्हणून नाव कळेपर्यंत अ‍ॅम्फोटेरिसिनने सुरुवात करणं ही रीत आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत मीही तेच केलं असतं. सेडोस्पोरियम निघालं हे दुर्मीळ. ते अ‍ॅम्फोटेरिसिनला सहसा जुमानत नाही आणि त्याच्यावर पहिलं औषध व्होरिकोनाझोलच. म्हणून अहवाल हातात पडल्या पडल्या औषध बदललं, यात मला चूक दिसत नाही, सावधपणा दिसतो. कल्चर लावलंच नसतं आणि ‘म्युकरच असणार’ म्हणून तेच इंजेक्शन महिनाभर चालू ठेवलं असतं, तर ती खरी चूक होती. आणि तसं घडतं. २०२१ च्या लाटेनंतर आपल्याकडे नाकातली प्रत्येक बुरशी म्हणजे म्युकर असं समीकरणच होऊन बसलं आहे, लोकांच्या मनात आणि कधी कधी डॉक्टरांच्याही. तुमच्या रुग्णालयात कुणीतरी चिकाटीने त्या बुरशीचं नाव शोधून काढलं. त्या माणसाला भेटता आलं तर आभार माना.

तेव्हा या घटकेला पेशंटला उचलून दुसरीकडे नेऊ नका. दुसरं मत हवंसं वाटणं अगदी रास्त आहे, पण ते कागदावर घ्या. कल्चरचा अहवाल, बायोप्सीचा अहवाल आणि स्लाइड, सीटी-एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्डं, एवढं घेऊन काका दुसऱ्या ट्रान्सप्लांट केंद्रात जाऊन येऊ शकतात. बुरशीची जात पक्की करायची असेल, तर चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेत बुरशींची संदर्भ प्रयोगशाळा आहे. देशभरातून तिथं नमुने जातात. तुमच्या डॉक्टरांना नुसतं विचारा, ‘नमुना पुढं पाठवायची गरज आहे का?’ याचं एक कारण आहे. या बुरशीची एक जवळची बहीण आहे, लोमेंटोस्पोरा. तिच्यावर जवळपास कुठलंच औषध नीट चालत नाही. ती आपल्याकडे क्वचित, पण नाव पक्कं असलेलं बरं.

सेडोस्पोरियमचा आपल्या मुलखाशी जुना संबंध आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला काटा लागून गाठी यायच्या, त्यांतून दाणे वाहायचे, पाय वर्षानुवर्षं सुजत जायचा. मदुरा पाय म्हणतात तो हा. हेन्री व्हँडाइक कार्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन असताना या आजाराचा ध्यास घेतला आणि १८७४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. तो पाय ज्या अनेक जंतूंमुळे होतो, त्यांत सेडोस्पोरियम एक आहे. ती मातीत राहते, चिखलात, सांडपाण्यात, साचलेल्या पाण्याच्या तळाशी राहते. धडधाकट माणसाला ती काटा रुतल्याशिवाय सहसा काही करत नाही. आपण सगळे रोज बुरशीचे बीजाणू नाकाने ओढतो, आणि नाकातली लव आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे वाचून तुमच्या मनात लगेच गाळ आला असणार. तुम्ही विचारलं नाही, पण गाळाची गोष्ट पत्रात लिहिलीत त्याअर्थी डोक्यात तेच आहे. ताई, गाळातून आलं असेल, नाकारत नाही. पण ते पुण्यातल्या खोलीच्या ओल्या भिंतीतून, हॉस्पिटलबाहेरच्या खोदकामाच्या धुळीतून, गाडीच्या खिडकीतूनही आलं असेल. माणसाच्या नाकातल्या बीजाणूचा माग काढता येत नाही. पाच महिने चार भिंतींत काढलेल्या पोराला स्वतःचं रान बघावंसं वाटलं, त्यासाठी घरातल्या कुणालाही बोल लावू नका. वडिलांना तर मुळीच नाही. पुढच्या वेळी मात्र गाळ, शेणखत, पेंढा, कांद्याची चाळ, कोंबड्यांचं खुराडं, मळणी, घराचं पाडकाम यांपासून त्याला लांब ठेवा. घर झाडताना त्याला दुसऱ्या खोलीत बसवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. बाहेर पडला तर एन-९५ मास्क, नाकावर नीट बसलेला. ओल आलेली भिंत असेल त्या खोलीत त्याला झोपवू नका, पावसाळा तोंडावर आहे म्हणून मुद्दाम सांगते.

बुरशीची गोळी रोज चालू असताना बुरशी कशी झाली, हा तुमचा प्रश्न चांगला आहे. ती गोळी कोणती होती ते पाकीट काढून बघा. बहुतेक ठिकाणी ट्रान्सप्लांटनंतर फ्लुकोनाझोल देतात. ती कॅन्डिडासारख्या, म्हणजे तोंडात पांढरा थर येतो त्या जातीच्या बुरशीला रोखते. धाग्यांनी वाढणाऱ्या बुरशीवर तिचा जोर नाही. जीव्हीएचडीसाठी मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू झालं की बरीच केंद्रं पोसाकोनाझोलसारखी जास्त पल्ल्याची गोळी देतात. तुमच्याकडे ती बदलली होती की नव्हती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. भांडणाच्या सुरात नको, पण विचारा. तुम्हाला कळायला हवं आणि त्यांनाही पुढच्या पेशंटसाठी तो प्रश्न पडायला हवा. पोसाकोनाझोल चालू असतानाही या दुर्मीळ बुरश्या होतात, हेही तेवढंच खरं.

आता तुमच्या चार दिवसांकडे येते.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर होऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. ट्रान्सप्लांट झालेल्या एका तरुणीला माझ्याकडे पाठवलं. डाव्या डोळ्याखाली जड वाटतंय, नाकात खपल्या धरताहेत, एवढीच तक्रार. ताप नाही. सीटी काढला तर सायनसच्या अस्तराला जराशी सूज, जी तुमच्या-माझ्या सीटीतही सर्दी असताना दिसेल. मी दुर्बीण घातली नाही. नाकात टाकायचं औषध दिलं आणि तीन दिवसांनी या म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डोळा सुजून मिटला होता. मी शिकलेली होते, पुस्तक वाचलेलं होतं, समोर पेशंट होती, आणि तरीही मी सर्दी समजले. तुमच्यापाशी तर यातलं काहीच नव्हतं. वाफ द्यायची असते हे तुम्हाला आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. सर्दीला वाफच देतात. या माणसांच्या बाबतीत सर्दी ही सर्दी नसू शकते, हे घरी पाठवताना तुम्हाला कुणी नीट सांगितलं होतं का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. मग तो दोष तुमच्यावर कसा येईल? आणि पाचव्या दिवशी खपली बघताच तुम्ही सकाळची वाट बघितली नाहीत, रात्री गाडी केलीत. बुरशी डोळ्यात शिरायच्या आत तो टेबलावर होता. हा हिशोब मांडताना ती रात्रही धरा.

जे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ते इथं सविस्तर सांगते. हे सदर वाचणाऱ्यांत ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाचं घर आणखीही असेल. एकाच बाजूचं नाक चोंदणं. नाकात सुक्या खपल्या धरणं, रक्ताळलेलं पाणी येणं. गाल, वरचा ओठ किंवा डोळ्याखालची जागा बधिर होणं. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि याकडेच दुर्लक्ष होतं, कारण दुखत नसलेल्या गोष्टीची कुणी तक्रार करत नाही. एका मुलाने आईला सांगितलं होतं, ‘माझा गाल झोपलाय.’ त्या माउलीने पोरगा खेळतोय म्हणून सोडून दिलं नाही, त्याच संध्याकाळी आणलं. वरच्या दाढा विनाकारण ठणकणं किंवा हलणं, टाळूवर डाग, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, हेही. ताप असेलच असं नाही, स्टेरॉइड ताप दाबून टाकतं. काळं दिसेपर्यंत थांबायचं नाही, काळं सगळ्यांत उशिरा दिसतं. सीटी जवळजवळ स्वच्छ आला तरी त्यावर विसंबायचं नाही. यांतलं काहीही एक दिसलं तर त्याच दिवशी जायचं आणि दारातच सांगायचं: ‘ट्रान्सप्लांट झालंय, स्टेरॉइड चालू आहे, दुर्बिणीने नाक बघा.’ हे किती महिने पाळायचं? प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत तोवर, आणि त्या सुटल्यावरही डॉक्टर मोकळीक देईपर्यंत. मधल्या काळात नाकात तेल-तूप सोडणं नको, नस्य नको, जलनेती नको. नाक धुवायला सांगितलं तर फक्त त्यांनी दिलेल्या निर्जंतुक सलाइनने. नळाचं, बोअरचं, आडाचं पाणी नाकात जाता कामा नये.

आणि मॅरोचं. ‘माझाच मॅरो त्याच्या अंगावर उठला’ हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. ताई, दात्यांच्या तोंडून हे मी याआधीही ऐकलं आहे, विशेषतः बहिणींच्या. जीव्हीएचडीमध्ये दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजतात, हे खरं. अर्ध्या जुळणाऱ्या मॅरोत तो धोका धरूनच चालतात, तो कमी करायला ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुद्दाम औषध देतात. पूर्ण जुळणाऱ्या भावंडांतही जीव्हीएचडी होतो. आणि ज्या गुणामुळे तुमच्या पेशी त्याच्या कातडीला परकं समजल्या, त्याच गुणामुळे त्या उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींनाही परकं समजून मारतात. या आजारात ट्रान्सप्लांट त्यासाठीच तर करतात. तुम्ही दिलं नसतं तर या वर्षी त्याच्यापुढे काय उरलं होतं, ते तुम्हाला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं असेल.

आणखी एक. मॅरो लागल्यापासून त्याच्या अंगातलं रक्त तुमच्या पेशींतून तयार होतं आहे. म्हणजे आत्ता त्याच्या नाकात बुरशीच्या धाग्यांवर तुटून पडणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी आहेत, त्या तुमच्याच आहेत. स्टेरॉइडने त्यांचे हात बांधलेले आहेत एवढंच. डॉक्टर आता जी कसरत करताहेत ती ही आहे: स्टेरॉइड कमी केलं तर त्या पेशी बुरशीशी लढतील पण जीव्हीएचडी उसळू शकतो, कमी नाही केलं तर उलट. रोज राउंडला विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच विचारा, ‘स्टेरॉइड किती मिलिग्रॅमवर आलं आणि पुढं कसं उतरवणार?’

लेकराचं दोन वाक्यांत. ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला मामापासून काहीही धोका नाही. धोका असलाच तर उलट आहे, मुलाला सर्दी-खोकला-ताप असेल तेव्हा त्याला मामापासून दूर ठेवा. शेजाऱ्यांना एवढंच सांगा.

आता पुढचे दिवस. व्होरिकोनाझोल आधी शिरेतून देतील, मग गोळी. गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी किंवा नंतर तासाभराच्या अंतराने. घेतल्यावर थोडा वेळ उजेड जास्त लख्ख वाटतो, रंग वेगळे दिसतात, कुणाकुणाला नसलेली माणसं दिसतात. तो असं काही बोलला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा, मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते. या औषधाची रक्तातली पातळी तपासावी लागते. एकाच मात्रेवर एकाला कमी पडतं आणि दुसऱ्याला जास्त होतं. दुसरा प्रश्न तो: ‘व्होरिकोनाझोलची लेव्हल केली का, किती आली?’ ऊन टाळा, या गोळीवर कातडी लवकर भाजते.

सगळ्यांत मोठी काळजी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची, टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, जी कुठली चालू असेल तिची. व्होरिकोनाझोल सुरू झालं की त्या गोळीची रक्तातली पातळी भराभर वाढते, टॅक्रोलिमस तर साधारण एक तृतीयांशावर आणावी लागते. तुमचे डॉक्टर ते करतीलच. घरी आल्यावर मात्र स्वतःहून एकही गोळी सुरू-बंद करायची नाही, अ‍ॅसिडिटीचीसुद्धा नाही, काढा नाही, भस्म नाही, आणि पपनस खायचं नाही. साखर रोज तपासा. स्टेरॉइडमुळे ती वाढते, आणि वाढलेली साखर बुरशीच्या पथ्यावर पडते.

ही बुरशी मेंदूकडे जाण्याबद्दल बदनाम आहे. म्हणून डोकं दुखणं, गुंगी, बोलण्यात फरक, झटका, यांतलं काही वाटलं तर मध्यरात्रही बघू नका. एमआरआय पुन्हा करायला सांगतील तेव्हा ‘मागच्याच आठवड्यात केला होता’ म्हणून टाळू नका.

पैशाचं पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण ‘महागडं’ या एका शब्दातून ते कळलं. व्होरिकोनाझोल त्या इंजेक्शनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, जेनेरिक मागा. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना उद्याच भेटा आणि मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, धर्मादाय खाटा यांतलं काय बसतं ते विचारा. हे उपचार आठवड्यांचे नाहीत, महिन्यांचे आहेत, तेव्हा कागद आत्ताच जमवायला घ्या.

तुम्ही एक प्रश्न विचारलाच नाही, आणि बहुतेक तोच तुम्हाला झोपू देत नाही. तो वाचेल का? खोटं सांगणार नाही. हा आजार जिवावरचा आहे, अनुभवी हातांतूनही पेशंट जातात. पण तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. बुरशी नाक-सायनसपुरती आहे, तिचं नाव कळलं आहे, आणि तिच्यावर चालणारं औषध आहे. चौथी गोष्ट म्हणजे नाक पुन्हा साफ करून मेलेला भाग उरू न देणं, आणि त्याला सही तुमच्या घरातल्यांची लागते. मी ज्या तरुणीला तीन दिवसांनी बोलावलं होतं, तिचा तो डोळा गेला. ती मात्र राहिली. दर दिवाळीला तिचा फोन येतो.

नाक साफ झालं की कड कुठपर्यंत लाल मिळाली ते सर्जनना विचारा आणि मला कळवा. व्होरिकोनाझोलची लेव्हलही कळवा. आणि आज रात्री आईला त्याच्याजवळ बसवून तुम्ही खाली धर्मशाळेत जाऊन झोपा.

तुमची,
डॉक्टरताई